समाचार आणि शुश्रूषा

शस्त्रक्रिया होऊन घरी परतलेल्या माणसाच्या खाटेभोवती आपल्याकडे जो दरबार भरतो, त्याच्या समर्थनार्थ एक भारदस्त पूर्वपक्ष नेहमी मांडला जातो. तो असा की, संकटकाळी आप्ताने आप्ताच्या समाचारास जावे ही आपली जुनी रीत आहे. वडीलधाऱ्यांनी सांगितलेली पथ्ये अनुभवसिद्ध आहेत. आणि रुग्णास सर्व काही जागच्या जागी पुरवून त्याला कूसदेखील स्वतः बदलू न देणे ही मायेची परिसीमा होय. या पक्षात तथ्यच नाही असे म्हणण्याचा अविचार मी करणार नाही. ज्या समाजात सरकारी रुग्णालयात केसपेपर काढण्यापासून रक्ताची पिशवी आणण्यापर्यंतची सारी धावपळ अद्याप नातेवाइकांच्याच पायांवर चालते, तेथे माणसांचा राबता हा रुग्णाचा मोठाच आधार असतो. ही माणसे येतात याविषयी माझी तक्रार नाही. आल्यावर ती जे करतात आणि जे करावयाचे टाळतात, त्याविषयी आहे.

प्रथम पथ्यांचे पाहू, कारण त्या प्रांतात आप्तांची सत्ता निरंकुश असते. भाताने टाक्यांत पाणी होते, तुरीच्या वरणाने पू धरतो, आंबटाने जखम चिघळते, अशी फर्माने सुटतात आणि डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी लिहून दिलेला आहार निमूटपणे रद्दबातल होतो. वस्तुतः पू होतो तो जंतुसंसर्गाने. आणि त्याला वाव मिळतो तो न धुतलेल्या हातांमुळे, आटोक्यात नसलेल्या मधुमेहामुळे, किंवा ‘बघू तरी किती टाके पडले’ म्हणून कुतूहलाने उचलून पाहिलेल्या पट्टीमुळे. जखम भरून येण्यास प्रथिने लागतात, आणि शाकाहारी घरात ती प्रामुख्याने डाळीतून व दुधादह्यातूनच यावयाची; तेव्हा वरण बंद करणे म्हणजे गवंड्यास कामावर बोलावून विटांची गाडी वेशीवरच अडविण्यासारखे आहे.

आंबटाची कथा याहून उद्बोधक आहे. १७४० ते १७४४ या काळात जॉर्ज अ‍ॅन्सन याच्या आरमाराने जी पृथ्वीप्रदक्षिणा केली, तिच्या वृत्तांतात एका वृद्ध सैनिकाची नोंद सापडते. १६९० साली बॉइनच्या लढाईत झालेल्या आणि अर्धशतकापूर्वी पूर्ण भरून आलेल्या त्याच्या जखमा, क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या स्कर्व्हीने त्याला ग्रासताच नव्याने उघडल्या. पुढे विसाव्या शतकात जॉन क्रँडन या तरुण अमेरिकन शल्यवैद्याने क जीवनसत्त्वाचा अंशही नसलेला आहार कित्येक महिने स्वतःवर लादून घेतला आणि आपल्याच पाठीवर मुद्दाम छेद करवून घेतले. तीन महिन्यांनंतरचा छेद व्यवस्थित भरला. सहा महिन्यांनंतरचा कातडीखाली भरलाच नाही, आणि ते जीवनसत्त्व शिरेतून दिल्यावर मग भरून आला. हा प्रयोग १९४० साली प्रसिद्ध झाला. जखमेच्या कडा सांधणारे कोलॅजन या जीवनसत्त्वावाचून पक्के होत नाही, इतकाच त्याचा इत्यर्थ. आणि आमच्या घरांत नेमके लिंबू, आवळा आणि पेरू हेच प्रथम हद्दपार होतात! उलट, ज्या शहाळ्यास कोणीही हरकत घेत नाही त्यात पोटॅशियम भरपूर असल्यामुळे, मूत्रपिंड दुबळे असलेल्या रुग्णास ते अपायकारक ठरू शकते. तेव्हा पथ्य जरूर पाळावे, पण ते उपचार करणाऱ्यास विचारून.

पूर्ण विश्रांतीचा आग्रह मात्र एकट्या आजीबाईंच्या माथी मारता येणार नाही, कारण एके काळी शल्यवैद्यच आपल्या रुग्णांना आठवडेच्या आठवडे खाटेवर जखडून ठेवीत. १८९९ साली शिकागोच्या एमिल रीस याने रुग्णांना लवकर उठविण्याचा पुरस्कार केला, तेव्हा त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९४० नंतरच्या दशकात ही गोष्ट रूढ झाली. निश्चल पडलेल्या माणसाच्या पायांच्या शिरांत रक्त मंदावते, तेथे गुठळी धरते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते. शिवाय दुखते म्हणून तो खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, आणि कफ साचून न्यूमोनियास निमंत्रण मिळते. म्हणून जेथे पायावर भार देण्यास किंवा हालचालीस डॉक्टरांनी स्पष्ट मनाई केलेली नाही, तेथे रुग्णास दंडाला धरून खोलीभर चालविणे, खोकताना पोटावर दाबून धरावयास उशी देणे, आणि वेदनाशामक गोळी ठरल्या वेळी आठवणीने हातावर ठेवणे, ही खरी माया होय. ‘थोडे सोस, गोळ्यांची सवय लागेल’ हा उपदेश करणाऱ्यास हे कळत नाही की वेदना आवरल्याखेरीज तो माणूस चालणारही नाही आणि खोकणारही नाही.

राहता राहिला समाचार. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेवरील आपल्या १८५९ सालच्या पुस्तकात रुग्णास पोकळ धीर आणि आगंतुक सल्ले देणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र प्रकरणच खर्ची घातले आहे. आपल्या मेव्हण्याच्या अशाच ऑपरेशनची शोकांतिका चहाच्या घोटागणिक ऐकविणारे गृहस्थ त्यांच्याही देशात मुबलक असावेत. बोलण्यापेक्षा पाहण्याची गरज तर वृद्ध रुग्णाच्या बाबतीत फारच मोठी. शस्त्रक्रियेनंतर पुष्कळ वृद्धांना रात्री भ्रम होतो. ते माणसे ओळखत नाहीत, सलाइनची नळी ओढतात, आणि घरचे लोक ‘डोक्यावर परिणाम झाला’ म्हणून हताश होतात. हा प्रकार बहुधा तात्पुरता असतो; तो दिसताच डॉक्टरांना सांगावे हे तर खरेच, पण त्यास आळा घालण्याचे काही उपाय आप्तांच्याच हाती असतात: चष्मा, कवळी आणि श्रवणयंत्र लवकरात लवकर परत देणे, दिवसा खिडकी उघडी व रात्री दिवा मंद ठेवणे, वार आणि वेळ सहज बोलण्यात सांगत राहणे, आणि उशाशी ओळखीचे एकच माणूस असणे. पंधरा पाहुणे मिळून यातले एकही काम करीत नाहीत.

यावर आक्षेप येईल की, आम्ही तर ‘काही लागले तर कळवा’ असे सांगूनच निघतो, पण समोरून मागणी येत नाही. ती येणारच नाही. संकोच हा आपल्या मध्यमवर्गाचा स्थायीभाव आहे. ‘मंगळवारी रात्री मी बसतो, वहिनी, तुम्ही घरी जाऊन झोपा’ असे नेमके बोलावे. मेडिक्लेमचे कागद आपणच दफ्तरी पोहोचवावे. डबा द्यावयाचा तर सकाळी फोन करून कमी तिखटाचा, रुग्णाबरोबर त्याच्या माणसांनाही पुरेल असा द्यावा. आणि ‘भेटलो नाही तर लोक काय म्हणतील’ ही ज्यांची भीती आहे, त्यांनी पहिल्या आठवड्याची गर्दी ओसरू द्यावी. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर जड वजन उचलण्यास सहसा सहा आठवड्यांची मनाई असते, आणि चौथ्या आठवड्यात पाहुणा मिळत नाही. गॅसचा सिलिंडर मात्र त्याच आठवड्यात संपतो, तपासणीची तारीखही तेव्हाच येते, आणि तीन मजले उतरून रिक्षापर्यंत बरोबर चालणारे एक माणूस लागते.