चूक शोधणं स्वस्त झालं, तपासणं नाही

जानेवारी २०२६च्या अखेरीस ‘कर्ल’ या ओपन सोर्स प्रकल्पानं आपली बक्षीस योजना बंद केली. सुरक्षेतली खरी चूक दाखवा आणि पैसे घ्या, अशी ही योजना २०१९पासून चालू होती. घरच्या मंडळींनी कर्लचं नाव ऐकलं नसेल, पण वापरतात सगळेच. इंटरनेटवरून माहिती आणणारं-पाठवणारं हे सी भाषेतलं सॉफ्टवेअर मोबाइल, टीव्ही, गाड्या अशा अब्जावधी उपकरणांत बसलेलं आहे. ते सांभाळणारी माणसं मात्र मूठभर.

योजना बंद करण्याचं मोठं कारण म्हणजे एआयकडून लिहून घेतलेल्या तक्रारींचा पूर. चॅटबॉटला म्हणायचं, यात चूक शोध. तो देईल ते लांबलचक, रुबाबदार इंग्रजी तसंच पाठवून द्यायचं. लागलं तर लागलं! प्रकल्पाचे प्रमुख डॅनियल स्टेनबर्ग यांनी २०२५च्या मध्यावर हिशेब मांडला होता: त्या वर्षी आलेल्या तक्रारींपैकी खऱ्या निघाल्या जेमतेम पाच टक्के. पण उरलेल्या पंचाण्णवही कुणीतरी वाचाव्याच लागतात, कारण खरी कुठली ते वाचल्याशिवाय कळत नाही.

यावरून ‘बघा, एआय म्हणजे नुसता फुगा’ असं म्हणणारे भेटतात. इतकं सोपं नाही ते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एका सुरक्षा संशोधकानं एआयवर आधारलेली साधनं कर्लच्या कोडवर चालवून एक मोठी यादी पाठवली आणि तिच्यातून पन्नासच्या आसपास दुरुस्त्या झाल्या. बहुतेक बारीकसारीक, पण खऱ्या. स्टेनबर्ग यांनी त्याचं जाहीर कौतुक केलं. साधन माहितगाराच्या हातात होतं, एवढाच काय तो फरक.

सीच्या जगात अशी साधनं नवी नाहीत. ही भाषा प्रोग्रामरवर पूर्ण विश्वास टाकते. घेतलेली मेमरी परत केली नाही, आकारापेक्षा जास्त लिहिलं, तरी ती बहुधा हू की चू करत नाही. म्हणून लिनस टोरवाल्ड्स यांनी २००३मध्येच लिनक्स कर्नलसाठी ‘स्पार्स’ हे तपासणीचं साधन लिहिलं. पुढे फ्रान्समधल्या ज्युलिया लॉल आणि सहकाऱ्यांनी ‘कॉक्सिनेल’ आणलं. फ्रेंचमध्ये हा शब्द लाल पाठीवर काळे ठिपके असलेल्या त्या छोट्या किड्याचा, जो पिकावरचे मावे खातो. बग खाणारा बग!

कॉक्सिनेल नुसतं बोट दाखवत नाही, कोड बदलूनही देतं. समजा, आधी मेमरी मागितली आणि मग ती शून्यानं भरली, असं दोन पायऱ्यांचं काम शेकडो ठिकाणी आहे आणि एकाच फंक्शनमध्ये ते होतं. तर ‘असं दिसेल तिथे तसं कर’ हा नियम चार-सहा ओळींत लिहायचा. साधन अख्खं कर्नल चाळून पॅच तयार करतं. २०१७मध्ये कर्नलमधली टायमर लावायची पद्धत बदलली, तेव्हा शेकडो फाइलींतला बराचसा बदल असाच झाला. उरलेला मात्र माणसांनी हातानं केला. इथे नियम छोटा असतो, उघड असतो, दहादा चालवला तरी उत्तर तेच. तपासणाऱ्यानं नियम नीट वाचला की निम्मं काम झालं. एआयनं लिहिलेल्या पॅचमध्ये असा नियमच हाती लागत नाही. प्रत्येक ओळ नव्यानं वाचावी लागते.

आणि साधनाचं निमूट ऐकलं तर काय होतं, याचं जुनं उदाहरण डेबियनचं. २००६मध्ये ‘व्हॅलग्राइंड’ या साधनानं ओपनएसएसएलबद्दल कुरकुर केली: किंमत न भरलेली मेमरी वापरली जातेय. इशारा चुकीचा नव्हता. डेबियनसाठी ते पॅकेज सांभाळणाऱ्यानं मूळ प्रकल्पाला विचारलंही होतं. मग ओळी काढल्या, इशारा गेला. पण त्यांच्याबरोबर गुप्त किल्ल्या बनवताना यादृच्छिकता मिसळणारी ओळही गेली. उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे एका प्रकारच्या मशिनवर एका लांबीच्या फार तर ३२ हजारांच्या घरातल्या किल्ल्या. कुणीही बसून सगळ्या बनवून ठेवाव्यात! मे २००८पर्यंत हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मग जगभर किल्ल्या बदलत बसावं लागलं.

आता प्रश्न पैशाचा आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये व्हिडिओचं जगभर वापरलं जाणारं सॉफ्टवेअर ‘एफएफएमपेग’ आणि गूगल यांच्यात चांगलीच जुंपली. गूगलच्या एआयनं सापडवलेली चूक होती १९९५च्या एका कॉम्प्युटर गेमचा व्हिडिओ उघडणाऱ्या कोडमध्ये. स्वयंसेवकांचं म्हणणं सरळ होतं: चूक दाखवताय तर पॅचही द्या, नाहीतर पैसे द्या. ‘लिबएक्सएमएल२’ सांभाळणाऱ्या एकट्या स्वयंसेवकानं तर त्याच वर्षी जूनमध्ये सांगून टाकलं होतं, की सुरक्षेच्या चुकांनाही यापुढे वेगळी, गुप्त वागणूक नाही. इतर बगसारख्या वेळ मिळेल तशा दुरुस्त होतील. मला दोघांचंही पटतं. अब्जावधींचा धंदा करणाऱ्यांनी फुकटच्या कोडवर उभं राहून वर मुदतीही घालाव्यात, हे काही बरं नव्हे.

आपल्याकडच्या मुलांचा इथे थेट संबंध येतो. ‘गूगल समर ऑफ कोड’मध्ये भारतातली मुलं दरवर्षी मोठ्या संख्येनं असतात, आणि बायोडेटात ओपन सोर्स दिसलं पाहिजे हे आता दुसऱ्या वर्षालाच ठाऊक असतं. इकडे मँचेस्टरला रविवारी माझ्या मावसभावाचा फोन येतो. पुण्यात तिसऱ्या वर्षाला आहे. परवा म्हणाला, “दादा, कर्नलला पॅच एआयकडून लिहून घेतला तर चालतो का रे?”

चालतो. कर्नलच्या नियमांत आता तसं लिहिलेलंच आहे: मदत घेतली तर ‘असिस्टेड-बाय’ लावून साधनाचं नाव द्यायचं. पण ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही सही एआयला करता येत नाही. ती माणसाचीच लागते आणि जबाबदारीही त्याचीच. त्याला म्हटलं, आधी एकच ड्रायव्हर घे, ‘चेकपॅच’ चालव, आणि ते जे जे सांगेल त्यातलं काय करायचं नाही आणि का, ते मला लिहून पाठव. अकरा इशाऱ्यांची यादी आली आहे. चार सोडून द्यावेत असं त्याचं म्हणणं आहे. त्यातल्या दोनांवर आमचं अजून एकमत नाही.