आठ मॅच, सात पॉइंट

दोस्तहो, हंगाम अर्ध्यावर आलाय आणि आपली टीम तळापासून दुसरी आहे. मुंबई जिल्ह्याच्या लीगमधली खालची डिव्हिजन. आठ मॅच झाल्या. दोन जिंकल्या, एक बरोबरीत, पाच हरलो. सात पॉइंट. वस्तीतले शहाणे टेबलावर बोट ठेवून विचारतात, ''काय रे, तुमचे वाघ कुठं गेले?''

वाघ कामावर गेलेत! आपला गोली दिवसभर स्कूटरवरून पार्सलं वाटतो. मॅचसाठी फोन बंद ठेवला की दुसऱ्या दिवशी त्याला कामच कमी मिळतं. स्टॉपर कंत्राटावर कचऱ्याच्या गाडीवर आहे; रात्रपाळी संपवून थेट मैदानात येतो. हरलेल्या पाच मॅचपैकी चार आपण शेवटच्या पंधरा मिनिटांत हरलोय. मी दर मॅचला लाइनीवर उभा असतो, मोजलंय. हाफटाइमपर्यंत आपल्याला कुणी हलवू शकत नाही. मग पाय संपतात. रात्रीची झोप आणि पोटातली भाकरी यांचा हा हिशेब आहे. याला 'मेरिट नाही' म्हणणारे तेच लोक, जे आपल्याला कॉलेजातही भेटतात.

आणि नेमके आता एक साहेब मदतीला आलेत. नवे बूट, बस, अंडी-केळी, शिवाय बाहेरची चार तयार पोरं. बदल्यात निळी जर्सी जाणार, छातीवर साहेबांचा फोटो येणार. आपल्यातले चौघे बाकड्यावर बसणार आणि निवडणुकीत सगळी टीम साहेबांच्या गाडीवर नाचणार. पोरं 'हो' म्हणायच्या बेतात आहेत. मी त्यांना शिव्या देणार नाही. फाटक्या बुटात धावणाऱ्याला स्वाभिमानावर भाषण झोडणं सोपं आहे. पण तरी मी 'नाही' म्हणतोय. का, ते ऐका.

1920 साली 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाज दाखवला तो जिना नसलेल्या मनोऱ्यासारखा. खालच्या डिव्हिजनवर माझा जीव आहे तो यासाठीच, की इथं जिना आहे. जिंकलास की वर, हरलास की खाली. पॉइंट मोजताना आडनाव विचारत नाहीत. देशाच्या फुटबॉलमध्ये मात्र वरच्या मजल्याचा जिना पैसेवाल्यांनी काढून घेतला होता. 2014 साली इंडियन सुपर लीग आली ती फ्रँचायझींची. पहिल्या वर्षी आठ टीम होत्या. तळाला आलेली टीम दुसऱ्या वर्षी पुन्हा तिथंच! आणि आपली मुंबई एफसी? 2017 साली आय-लीगमध्ये तळाला गेली आणि बंदच पडली. एकाला तळ म्हणजे गादी, दुसऱ्याला तळ म्हणजे खड्डा. केवळ खेळाच्या जोरावर आय-लीगमधून वर जायला पंजाबच्या टीमला 2023 साल उजाडावं लागलं. नऊ वर्षं दार बंद!

पैसेवाल्याशिवाय टीम चालत नाही, हे आपल्याला शिकवलेलं खोटं आहे. 2005 साली मँचेस्टर युनायटेड एका अमेरिकन घराण्यानं कर्ज काढून विकत घेतली. चिडलेल्या चाहत्यांनी स्वतःची टीम काढली, एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर. इंग्लंडच्या दहाव्या पायरीपासून सुरुवात. एक सभासद, एक मत. जर्सीवर जाहिरात घ्यायची नाही, हे सुरुवातीलाच ठरवलं. पहिल्या तीन हंगामांत तीनदा वर चढले. 2019 साली एक पायरी घसरलेही. टीम मेली नाही, कारण सोडून पळणारा मालकच नव्हता. मालक लाइनीवर उभे राहून ओरडत होते.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. अजून आठ मॅच उरल्यात. वस्तीतल्या शंभर जणांनी महिन्याला पन्नास रुपये काढले तर पाच हजार होतात. त्यात गोलीचा बुडालेला रोज निघतो, स्टॉपरची रिक्षा निघते, सगळ्यांची अंडी-केळी निघतात. पैशाचा हिशेब पोरांनी निवडलेली कमिटी ठेवील आणि दर महिन्याला बुद्धविहाराच्या फळ्यावर लिहील. माझे पन्नास मी दिलेत.

एवढं करूनही आपण खाली जाऊ शकतो. गेलो तर जिन्यानं जाऊ आणि जिन्यानंच परत येऊ. साहेबांच्या खिशात गेलो तर तिथून वर यायला जिना नाही.

रविवारी मैदानावर या. बोंबलायला माणसं कमी पडतायत.

जय भीम!