ब्लोअर चालू आहे का?

नदीवर फेस दिसला की आपण रील टाकतो, महापालिकेला चार शब्द सुनावतो आणि मोकळे होतो. पण आपल्याच सोसायटीतला एसटीपी कधी पाहिलाय?

तिथं सांडपाणी साफ करण्याचं खरं काम करतात जिवाणू. १९१४ मध्ये मँचेस्टरमध्ये मांडली गेलेली ही पद्धत आजही जगभर वापरात आहे. टाकीत हवा सोडली की जिवाणू घाण खाऊन वाढतात, पुढं त्यांचा गाळ खाली बसतो आणि वर नितळ पाणी उरतं. अट एकच, हवा मिळत राहायला हवी. वीजबिल वाचवायला रात्रभर ब्लोअर बंद ठेवला, की जिवाणू गुदमरतात, वास सुटतो आणि अर्धवट साफ झालेलं पाणी नाल्यातून थेट नदीत!

म्हणजे वाचलेले पैसे आपले आणि घाण नदीची. हा हिशेब मला तरी पटत नाही. लिफ्टचं बिल आपण मुकाट भरतोच ना? मग हेही भरू.

पुढच्या मीटिंगला आई-बाबांसोबत जा आणि विचारा, ब्लोअर किती तास चालतो? पाण्याची तपासणी शेवटची कधी झाली? तिचा रिपोर्ट नोटीस बोर्डावर का नाही?