दिल्लीची धूळ, जुनी गाडी आणि वायपर

२८ जून २०२४ च्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत २२८.१ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. जून महिन्यात एका दिवसात इतका पाऊस राजधानीने १९३६ नंतर पाहिला नव्हता. मिंटो पुलाखाली साचलेले पाणी आणि विमानतळाच्या टर्मिनल-१ चे कोसळलेले छत यांची छायाचित्रे देशभर झळकली. मात्र अशा पावसात वायपर न चालल्यामुळे रस्त्याच्या कडेला हतबल होऊन थांबलेल्या, किंवा त्याहून वाईट म्हणजे न थांबता अंदाजाने पुढे सरकत राहिलेल्या गाड्यांची नोंद कोठेच होत नसते.

मुंबई-पुण्याकडून बदली होऊन दिल्लीत आलेल्या अधिकाऱ्याला हे प्रथम उमगत नाही. कोकणपट्टीत वायपर चार महिने राबतो. तो बिघडला तर पहिल्या आठवड्यातच कळते आणि दुरुस्तही होतो. दिल्लीत पावसाळा जूनच्या अखेरीस येतो, मधूनमधून दडी मारतो आणि सप्टेंबरात परततो. उरलेले आठ-नऊ महिने वायपर काचेवर नुसता पडून असतो, आणि त्याचे खरे नुकसान याच काळात होते. एप्रिल ते जून उन्हात रबर कडक होते, राजस्थानकडून येणाऱ्या आंधीची बारीक वाळू त्याच्या कडेत रुतते, आणि वसंतात कडुनिंब व पिंपळ यांची पाने झडून काचेच्या तळाशी असलेल्या जाळीतून आत शिरतात. ही पाने तेथे कुजतात, पाणी वाहून जाण्याची भोके बुजवतात. मग पहिल्या पावसाचे पाणी ज्या खळग्यात साचते, तेथेच वायपरची मोटर व तिचे सांधे बसवलेले असतात. जो दोष जुलैत उघड होतो तो मार्चमध्येच जन्मलेला असतो.

अशा वेळी बहुतेक जण काय करतात? गाडी जवळच्या गॅरेजात नेतात. गॅरेजवाला एकवार बटण फिरवून पाहतो आणि म्हणतो, ‘पूरा सेट बदलवा लो, साहब.’ मालकही गाडी जुनी असल्याने आधीच कंटाळलेला असतो. तो एक तर मुकाट्याने पैसे मोजतो, नाहीतर ‘आता हिच्यावर कशाला खर्च’ म्हणून तसाच निघतो. या दोन्ही निर्णयांत निदान नावाची पायरी गाळलेली असते. वायपरचे बहुसंख्य दोष हे किरकोळ खर्चाचे असतात, आणि कोणता दोष आहे हे गाडी स्वतःच बऱ्याच स्पष्टपणे सांगत असते. ते ऐकून घेण्याआधी ‘सेट’ बदलणे म्हणजे ताप आलेल्या माणसाला तपासण्यापूर्वीच शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेण्यासारखे आहे.

यंत्रणा मुळात साधी आहे. बारा व्होल्टची एक छोटी मोटर सतत एकाच दिशेने फिरते. तिच्या दातेरी चाकाला जोडलेल्या दांड्या, ज्यांना कारागीर लिंकेज म्हणतात, त्या फिरण्याचे रूपांतर डावी-उजवीकडच्या हेलकाव्यात करतात. हे हेलकावे काचेखालून वर आलेल्या दोन खाचांच्या दांड्यांना मिळतात. त्यांवर नटाने आवळलेले आर्म, आर्मवर स्प्रिंगच्या दाबाने काचेला टेकलेले पाते आणि पात्यात रबराची पट्टी. बटणापासून रबरापर्यंतच्या या साखळीत कोणती कडी तुटली हे शोधायचे, एवढेच काम.

प्रथम काच भरपूर ओली करावी. दिल्लीत कोरड्या काचेवर वायपर चालवून पाहणे म्हणजे काचेला सँडपेपर लावणे होय. बटण दिल्यावर काहीच हालचाल नाही आणि आवाजही नाही, तर संशय विजेकडे जातो. फ्यूज, रिले, बटण आणि मोटर, हा तपासाचा क्रम. फ्यूज काही रुपयांचा असतो. तो जळालेला असेल तर तितक्याच अँपियरचा नवा बसवावा. तोही लगेच जळाला तर जास्त क्षमतेचा बसवण्याचा किंवा चांदीचा कागद गुंडाळण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण फ्यूज जळणे हा दोष नसून दोषाची वर्दी असते. पुष्कळदा लिंकेज गंजून अडकलेले असते आणि मोटर त्याच्याशी झुंजताना अधिक वीज खेचत असते.

मोटरचा घुमण्याचा आवाज येतो, पण वायपर हलत नाहीत, तर मोटरवर आळ घेण्याचे कारणच नाही. बॉनेट उघडून पाहावे. लिंकेजच्या गोल सांध्यातील प्लॅस्टिकचे बुश झिजून दांडी निसटलेली असते. दोहोंपैकी एकच वायपर हलत नसेल, तर आर्मच्या मुळाशी असलेले टोपण काढून नट पाहावा. तो सैल होऊन दांडी खाचांवरून नुसती घसरत असण्याचा संभव मोठा. पान्याचे दोन वेढे, आणि काम संपले. याच दोषासाठी नवी मोटर बसवून घेतलेल्या गाड्या दिल्लीत कमी नसतील.

वायपर जड आणि मंद चालतो, दिवे लावले की अधिकच मरगळतो, तर दोन शक्यता राहतात. एक, सांध्यांतील ग्रीस वाळून दांड्या कोरड्या झाल्या. दुसरी, मोटरची अर्थिंगची तार जेथे पत्र्याला जोडली आहे तेथे गंज चढला. आर्म काढून दांडी हाताने फिरवून पाहिली की पहिली शक्यता पडताळता येते, आणि मल्टिमीटरने मोटरच्या टोकांवरील दाब मोजला की दुसरी. एखाद्याच गतीवर वायपर चालतो, दुसरीवर नाही, हे लक्षण फार उपयोगी आहे. या मोटरीत सहसा तीन कार्बन असतात. संथ गतीला त्यांपैकी एक जोडी आणि जलद गतीला वेगळ्या कोनात बसवलेला तिसरा कार्बन वापरला जातो. तेव्हा एक गती शाबूत असणे म्हणजे मोटर बरीचशी जिवंत असल्याचा पुरावा. दोष बटणात, तारेत किंवा एखाद्या झिजलेल्या कार्बनमध्ये शोधावा. बटण बंद केल्यावर वायपर काचेच्या मध्यावरच थांबत असतील, तर मोटरच्या दातेरी चाकाजवळची तांब्याची चकती व तिचे संपर्क मळले किंवा झिजले आहेत. बटण बंद झाल्यावरही पाते तळाशी पोहोचेपर्यंत मोटरला वीज पुरवत राहणे हे त्यांचे काम. अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियन ते साफ करून देतो. तो मिळणे दुर्मीळ होत चालले आहे, ही गोष्ट वेगळी.

राहिला सर्वांत नेहमीचा दोष, रेघा आणि थरथर. रेघा पडल्या की पाते बदलावे असे सगळेच म्हणतात आणि ते बहुधा खरेही असते. दिल्लीच्या उन्हात रबराचे आयुष्य वर्षभराहून अधिक धरू नये. परंतु नवे पाते घालूनही थरथर राहिली तर? मग काच पाहावी. धुलाई केंद्रातील मेण, डिझेलच्या धुराचा थर आणि हिवाळ्यातील धुरक्याची चिकट पुटे काचेवर साचतात आणि रबर त्यावर सरकण्याऐवजी उड्या मारते. सौम्य साबणाच्या पाण्याने काच दोनदा धुऊन कोरडी केली तरी पुष्कळदा फरक पडतो. तरीही न थांबल्यास आर्मला पीळ पडलेला असतो. पाते काचेला काटकोनात टेकले पाहिजे, तरच परतताना रबराची कड उलटते. हा पीळ जाणकाराने हलक्या हाताने सरळ करता येतो. रबरावर डिझेल किंवा रॉकेल चोळण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो एखादा दिवस खरा ठरतो आणि मग रबर फुगून निकामी होते.

या दोषाचा आणखी एक उगम वसाहतींमध्ये रोज पहाटे दिसतो. गाडी पुसणारा कामगार काम झाल्याची खूण म्हणून वायपर उभे करून जातो. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते त्याच्या बादलीतील चार गाड्यांचे गढूळ पाणी आणि तेच फडके. त्या फडक्यातील वाळूने काचेवर ज्या बारीक कमानी उमटतात, त्या रात्री समोरील दिव्यांच्या उजेडात जाळ्यासारख्या चमकतात, आणि त्यांवर कोणत्याही वायपरचा इलाज नाही. त्या माणसाला महिन्याकाठी आणखी थोडे पैसे आणि एक स्वच्छ फडके देणे हे नवी काच बसवण्यापेक्षा स्वस्त पडते. काचेवर पाणी उडवणारी नळी हाही दुर्लक्षित अवयव. गुडगाव-नोएडाच्या बोअरवेलचे जड पाणी तिची छिद्रे चुन्याने बुजवते. तिथे गाळलेले पाणी भरावे आणि छिद्र बारीक सुईने मोकळे करावे.

वायपरचा जन्मच मुळी अशा नजरेच्या अडचणीतून झाला. अमेरिकेतील मेरी अँडरसन यांनी न्यूयॉर्कच्या ट्रामचालकाला बर्फात काच उघडून बाहेर पाहताना बघितले आणि १९०३ मध्ये हाताने चालणाऱ्या वायपरचे पेटंट घेतले. कोणा कंपनीने त्यांना फारसे विचारले नाही. थांबून थांबून चालणाऱ्या वायपरचे जनक रॉबर्ट कर्न्स यांना तर आपला हक्क सिद्ध करण्यासाठी बड्या मोटार कंपन्यांशी वर्षानुवर्षे न्यायालयात झगडावे लागले. आपल्याकडे कायद्याने ही गोष्ट गंभीरपणे घेतली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०१ प्रमाणे कार्यक्षम, विजेवर चालणारा वायपर गाडीला असणे बंधनकारक आहे. तपासणीच्या वेळी तो चालतो की नाही एवढेच बहुधा पाहिले जाते. पुसतो की नाही, हे कोण पाहतो?

आता मुख्य आक्षेपाकडे. दिल्ली परिसरात जुन्या गाडीवर खर्च करावाच कशाला, असे विचारले जाते. राष्ट्रीय हरित लवादाचे २०१४ व २०१५ चे आदेश आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निर्णय यांमुळे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना येथे रस्ता बंद झाला. अनेकांनी शेवटची तीन-चार वर्षे गाडीकडे पाहणेच सोडून दिले. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये केवळ वयाच्या कारणावरून कारवाई करू नये असा अंतरिम दिलासा न्यायालयाने दिला आणि डिसेंबर २०२५ मध्ये तो बीएस-४ व त्यापुढील गाड्यांपुरता मर्यादित केला. गाडीचे भवितव्य न्यायालयाच्या तारखांवर टांगलेले असताना मालकाचा हात आखडतो, हे समजण्यासारखे आहे. टायर, बॅटरी, क्लच यांवरचा मोठा खर्च तो पुढे ढकलतो. पण वायपरच्या बाबतीत हा हिशेब लागू पडत नाही. येथे खर्च शेकड्यांत आहे आणि धोका पहिल्याच पावसात आहे. गाडी भंगारात पुढच्या वर्षी जाणार असली तरी ती उद्या सकाळी धौला कुआँवरून जाणारच असते, आणि तेथून पायी जाणाऱ्याला तिच्या मॉडेलच्या वर्षाशी काही कर्तव्य नसते.

संपूर्ण सेट बदलणे कधीच योग्य नसते, असे मात्र नाही. दांडीचा सांधा गंजून घट्ट बसला असेल आणि त्याचे बुश सुटे मिळत नसेल, तर नवे लिंकेजच घ्यावे. काश्मिरी गेटच्या बाजारात बहुतेक गाड्यांचे नवे भाग मिळतात. मायापुरीत जुने मिळतात. जुने लिंकेज हाताने फिरवून पारखता येते, त्यामुळे ते घ्यायला हरकत नाही. जुनी मोटर मात्र जुगारच. आतला कार्बन किती उरला आहे हे बाहेरून दिसत नाही. कोणताही भाग बदलल्यावर काढलेला भाग परत मागावा आणि तो का निकामी ठरला हे गॅरेजवाल्याला दाखवायला सांगावे. एवढ्या एका सवयीने निम्मे ‘सेट’ बदलायचे राहतील.

ज्यांना स्वतः हात घालावासा वाटतो त्यांनी मे महिन्यातील एखाद्या रविवारची सकाळ निवडावी. आर्म काढण्यापूर्वी त्याची जागा काचेवर चिकटपट्टीने खुणावावी, नाहीतर नंतर पाते खांबावर आपटत राहते. लिंकेजमध्ये बोटे घालण्याआधी बॅटरीची ऋण तार सोडावी, कारण ही लहान मोटर बोट चिरडण्याइतकी जोरकस असते. आणि पाते काढले की काचेवर जाड टॉवेलची घडी अवश्य ठेवावी. मोकळा आर्म स्प्रिंगच्या जोराने काचेवर आदळतो, आणि तीनशे रुपयांच्या दुरुस्तीत समोरची काच तडकते.