गंजू द्यावयाचे पोलाद

तंजावरच्या किल्ल्याच्या बुरुजावर सतराव्या शतकातील राजगोपाल तोफ उघड्यावर पडून आहे. उन्हापावसात ती गंजली, पण नाहीशी झाली नाही. गंजाचा थर घट्ट बसला, तर तो आतील लोखंडाचे पांघरूणच होतो. हाच गुण साधण्यासाठी तांबे व क्रोमियम अल्प प्रमाणात मिसळलेले पोलाद १९३३ साली अमेरिकेत विक्रीस आले. पुढे ते इमारतींच्या दर्शनी भिंतींवरही चढले.

असे पत्रे आपण तंजावरजवळच्या तिरुवैयारुला घरास लावणार असाल, तर एवढे ध्यानात ठेवावे की, हा थर पक्का होण्यास काही वर्षे लागतात. तोवर ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात सुटा गंज ओघळतो आणि दारापुढील कोलमच्या दगडी जागेवर तांबडे डाग पडतात. गृहिणीचा राग रास्तच! तरीही पत्रे घासू नयेत. घासले की थर पुन्हा पहिल्यापासून धरावा लागतो. खालच्या कडेला पन्हळ बसवून पाणी खडीच्या चरात सोडावे. त्याहून बरे म्हणजे, पत्र्यांवरचा कारखान्यातील काळा पापुद्रा आधी काढवून घ्यावा, ते परसात उभे करावेत आणि काही आठवडे पाणी शिंपडून प्रत्येक वेळी पूर्ण वाळू द्यावेत. पहिला गंज तेथेच झडतो.

हे वाळणे महत्त्वाचे. जेथे पालापाचोळा साचतो किंवा वेली चढतात, तेथे ओल हटत नाही आणि पोलाद झिजतच राहते. समुद्रकाठच्या नागपट्टणमला तर खाऱ्या वाऱ्यामुळे या पत्र्यांच्या वाटेस न गेलेलेच बरे.