नेटवर्कचे वर्ग बंद करा म्हणणाऱ्यांना

दिल्ली, नोएडा, गुडगावात तंत्रशिक्षणावर कुठेही चर्चा झाली की एक मत हमखास ठासून मांडले जाते. मांडणाऱ्याचे नाव घेण्याची गरज नाही, कारण ते मत आता एकट्याचे राहिलेले नाही. म्हणणे असे: आयटीआय, पॉलिटेक्निक आणि कॉलेजांत कॉम्प्युटर नेटवर्किंग आणि टेक्निकल सपोर्टचे अभ्यासक्रम चालवणे म्हणजे मुलांची उमेदीची वर्षे फुकट घालवणे. सर्व्हर क्लाउडवर गेले. पासवर्ड बदलून द्यायला चॅटबॉट आला. उरलेले यूट्यूबवर मिळते आणि कंपनीचे सर्टिफिकेट तीन महिन्यांत हातात पडते. मुलांना एआय शिकवा. केबलला जॅक लावणे हे काही शिक्षण नव्हे.

क्लाउड म्हणजे ढगात ठेवलेले काही नसते, हे या मंडळींना एकदा ग्रेटर नोएडाला नेऊन दाखवायला हवे. तिथे ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘योट्टा’च्या भल्यामोठ्या डेटा सेंटरचे उद्घाटन झाले. आत रॅक आहेत, फायबर आहे, वीज आणि थंड हवा अखंड चालू ठेवण्याची यंत्रणा आहे, आणि हे सगळे सांभाळायला पाळीवर येणारी माणसे लागतात. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद पडले. कारण होते देखभालीच्या वेळी दिलेली एक चुकीची आज्ञा. तिने कंपनीचे स्वतःचेच नेटवर्क तोडले, त्यामुळे दुरून दुरुस्ती करण्याचा मार्गही बंद झाला. शेवटी इंजिनिअरांना डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष जाऊन काम करावे लागले.

पण इतक्या दूर कशाला जायचे? दिल्लीकरांनी २३ नोव्हेंबर २०२२ ची सकाळ आठवावी. त्या दिवशी एम्समधले सर्व्हर रॅन्समवेअरच्या हल्ल्यात बंद पडले. नोंदणी, दाखल करून घेणे, बिले, प्रयोगशाळेचे अहवाल, सगळे कागदावर आले. बिहार, उत्तर प्रदेश, हरियाणातून रात्रभर प्रवास करून आलेले रुग्ण ज्या ओपीडीच्या रांगेत उभे असतात, ती रांग हाताने नावे लिहून पुढे सरकू लागली. कारभार रुळावर यायला जवळपास दोन आठवडे गेले. पुढे सरकारने राज्यसभेत माहिती दिली की पाच सर्व्हरांवर परिणाम झाला, सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला आणि हल्लेखोरांना आत शिरता आले ते नेटवर्कचे विभाजन नीट केलेले नसल्यामुळे.

हे शेवटचे कारण पुन्हा वाचावे. नेटवर्कचे विभाजन हा काही संशोधनाचा विषय नाही. बिलिंगचे संगणक एका व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या एका वेगळ्या आभासी भागात, प्रयोगशाळेचे दुसऱ्यात, पाहुण्यांचे वायफाय तिसऱ्यात. एका भागातून दुसऱ्यात काय जाऊ द्यायचे ते फायरवॉलवर नेमके लिहायचे, म्हणजे एका टेबलावरचा संगणक बाधित झाला तरी बाधा तिथेच अडते. वाड्यातल्या प्रत्येक खोलीला स्वतंत्र दार आणि कडी असावी, तसे. हे नेटवर्किंगच्या कोणत्याही बऱ्या अभ्यासक्रमात शिकवले जाते. मात्र ते फळ्यावर समजते आणि हातून होत नाही. दोन स्विच, एक राउटर आणि आठदहा संगणक जोडून, चुकीची पोर्ट चुकीच्या व्हीलॅनला देऊन, अर्धा दिवस डोके फोडून घेतले की मगच ते अंगात भिनते. चालू रुग्णालयात असा प्रयोग करू देणार कोण? चूक करायची मोकळीक असलेली जागा म्हणजे कॉलेजची प्रयोगशाळा, आणि नेमकी तीच बंद करायची सूचना येते आहे! देशातल्या सर्वांत नामवंत रुग्णालयावर ही वेळ आली. जिल्ह्याच्या रुग्णालयात, तहसील कचेरीत, सहकारी बँकेत हे विभाजन कोण करून ठेवणार आहे? चॅटबॉट?

चॅटबॉटचेही पाहू. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर थिजले. दिल्लीच्या विमानतळावर उड्डाणांची माहिती पांढऱ्या फळ्यावर हाताने लिहावी लागली. यंत्र सुरूच होत नव्हते, म्हणून दुरून काही करता येईना. बहुतेक ठिकाणी माणसाने यंत्राजवळ जायचे, ते सेफ मोडमध्ये सुरू करायचे, एक फाइल काढून टाकायची आणि पुढच्या यंत्राकडे वळायचे, असा तो उपाय होता.

रोजच्या तक्रारींतही माणूसच लागतो. ‘नेट नहीं चल रहा’ एवढेच वाक्य फोनवर येते. संगणकाचा आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडून उत्तर आलेले नाही. पत्ता बरोबर असून साइटच उघडत नसेल तर साइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसचा संशय. सगळे ठीक असून मधूनच तुटत असेल, तर कुणीतरी तांब्याची केबल शंभर मीटरच्या मर्यादेपुढे ओढली आहे किंवा जॅकमधली एक तार नीट बसलेली नाही. समोरचा माणूस घाबरलेला असतो, चिडलेला असतो, पुष्कळदा अर्धेच सांगतो. त्याला काय विचारायचे आणि कोणत्या क्रमाने विचारायचे, हे कसब आहे.

यूट्यूब पाहून पोहायलाही येत नाही.

सर्टिफिकेटबद्दल एवढेच, की ज्या सिस्कोच्या सीसीएनए या सर्टिफिकेटचा दाखला सतत दिला जातो त्या कंपनीनेच १९९७ मध्ये नेटवर्किंग अकॅडमी सुरू केली, आणि ती शाळा-कॉलेजांना सोबत घेऊन.

खरे दुखणे वेगळे आणि जुने आहे. १५ ऑगस्ट १९९५ ला देशातल्या चार महानगरांत सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागले, तेव्हाही हाच वाद होता. प्रोग्रॅम लिहील तो इंजिनिअर, मोडेम जोडील तो मिस्त्री. लक्ष्मीनगरच्या गल्लीबोळांतल्या संगणक क्लासांच्या पाट्यांवर सॉफ्टवेअरची अक्षरे मोठी असत आणि हार्डवेअरची लहान. नेहरू प्लेसच्या जिन्यांखाली मदरबोर्ड दुरुस्त करणाऱ्या मुलांच्या बोटांत जे ज्ञान होते, त्याला पदवी द्यावी असे तेव्हा फारसे कुणाला वाटले नाही. हाताने केलेले काम हलके, ही आपल्या समाजाची जुनी खोड संगणकासमोर बसूनही गेली नाही. आज ती ‘भविष्याची कौशल्ये’ असे नाव घेऊन आली आहे, म्हणून तिला ओळखायचे नाही असे नव्हे.

एक गोष्ट मात्र प्रतिपक्षाला द्यावी लागेल. कित्येक ठिकाणी अजून आयपी पत्त्यांचे ए, बी, सी वर्ग पाठ करून घेतात. ती पद्धत १९९३ मध्येच मागे पडली. आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचा आयपीव्ही४ पत्त्यांचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्ये शेवटच्या राखीव गठ्ठ्यावर आला, तरी त्याची जागा घेणारे आयपीव्ही६ एका तासात गुंडाळले जाते. ही दुरवस्था खरी आहे. पण शिळा अभ्यासक्रम ताजा करायचा असतो. त्यासाठी वर्गाला कुलूप लावत नाहीत.

ताजा करायला साधनेही हाताशी आहेत. आयटीआयमध्ये कोपा हा संगणक चालवण्याचा एक वर्षाचा आणि आयसीटी सिस्टम मेंटेनन्स हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. नायलिट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या अभ्यासक्रमांच्या ओ, ए, बी, सी अशा पायऱ्या आहेत. दिल्लीत २०२० पासून कौशल्य आणि उद्योजकता विद्यापीठ आहे. १९६१ पासून शिकाऊ उमेदवारांचा कायदाही आहे. त्या कायद्याखाली अभ्यासक्रमाचे शेवटचे सहा महिने प्रत्येक मुलाला सरकारी रुग्णालयाच्या किंवा कॉलेजच्या स्वतःच्या नेटवर्कवर, जाणत्या माणसाच्या हाताखाली काम द्यावे. शिकवायला आठवड्यातून दोन दिवस डेटा सेंटरमधला पाळीचा तंत्रज्ञ बोलवावा आणि त्याच्याकडे बी.टेक. आहे का हे विचारू नये. लेखी परीक्षेचे गुण निम्म्यावर आणावेत. उरलेल्या निम्म्यांसाठी मुद्दाम बिघडवून ठेवलेले नेटवर्क समोर ठेवावे, तीन तास द्यावेत, आणि मुलाने काय दुरुस्त केले याबरोबर तो कोणत्या क्रमाने शोधत गेला याची लेखी नोंदही तपासावी.