दवाखान्याचं बिल कार्डावर गेलं, मग दर महिन्याला पैसे भरूनही ते फिटत का नाही?

हॉस्पिटलच्या उपचारांवर जीएसटी नाही. आयसीयू सोडून दिवसाला ५ हजारांपेक्षा महागडी खोली घेतली, तर तेवढ्या खोलीभाड्यावर ५ टक्के लागतो. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटीही गेला. पण तेच बिल क्रेडिट कार्डानं भरलं आणि मुदतीत पूर्ण फेडता आलं नाही, तर कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो. साध्या वैयक्तिक कर्जाच्या व्याजावर तो लागत नाही, कार्डाच्या लागतो.

सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये हा फरक बराच महाग पडू शकतो. सांगली, मिरज आणि कुपवाड १९९८ पासून एकाच महापालिकेत आहेत. तिघांपैकी कुपवाडची ओळख एमआयडीसीची. मोठं दुखणं आलं की गाडी वळते मिरजेकडं. तिथं १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केलं आणि पुढं मिरज दवाखान्यांचं गाव झालं. उत्तर कर्नाटकातूनही पेशंट इथं येतात. त्यामुळं कुपवाडकराला चांगला डॉक्टर काही किलोमीटरवर मिळतो. अडचण येते ती बिलाच्या खिडकीवर.

त्यातही सगळ्यात जास्त कोण अडकतं? ज्याचा पगार २१ हजारांच्या थोडा वर गेलाय तो. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात महिना २१ हजारांपर्यंत पगार असेल तर कामगार राज्य विमा, म्हणजे ईएसआय, लागू होतो. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के जातात, त्या बदल्यात कुटुंबाला उपचार मिळतात. ही २१ हजारांची मर्यादा जानेवारी २०१७ ची आहे. त्यानंतर पगार वाढले, महागाई वाढली, मर्यादा तिथंच राहिली. पगार २३ हजार झाला की माणूस ईएसआयमधून बाहेर पडतो, आणि नेमकं त्याच सुमाराला बँकेचा फोन येतो, ‘सर, तुमच्यासाठी कार्ड मंजूर झालंय.’

एक गोष्ट इथं लक्षात ठेवण्यासारखी आहे. ही मर्यादा मोजताना ओव्हरटाइमचे पैसे धरत नाहीत. ओव्हरटाइममुळं हातात २४ हजार येतात म्हणून ‘आपण ईएसआयमध्ये बसत नाही’ असं समजून गप्प बसलेल्या कामगारानं पगाराची पावती एकदा नीट बघावी.

आता मूळ गणित. समजा कार्डावर दीड लाख रुपये गेले. अनेक कार्डांचा व्याजदर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. बिलावर दोन आकडे छापलेले असतात, एकूण देणं आणि मिनिमम ड्यू. मिनिमम ड्यू ५ टक्के धरला तर ७,५०० रुपये. ते भरले की राहिले १ लाख ४२ हजार ५००. त्यावर महिन्याचं व्याज ४,९८८ आणि जीएसटी ८९८. पुढच्या बिलात देणं दिसतं १ लाख ४८ हजार ३८६. साडेसात हजार भरून कर्ज कमी झालं अवघं १,६१४ रुपयांनी. यात पहिल्या महिन्याचं व्याज धरलेलंच नाही. पूर्ण बिल भरलं नाही की व्याजमुक्त मुदत जाते आणि व्याज कार्ड घासल्याच्या दिवसापासून लागतं. नंतर त्याच कार्डावर घेतलेल्या किराण्यालाही ती मुदत मिळत नाही.

असंच वर्षभर चाललं तर भरलेले पैसे होतात सुमारे ८५ हजार, आणि कर्ज उरतं सुमारे १ लाख ३२ हजार.

आणखी एक मेख आहे. देणं थोडं कमी झालं की मिनिमम ड्यूही थोडा कमी होतो. भरणाऱ्याला हायसं वाटतं, पण मुदत त्यामुळंच लांबते. आकडा कमी होऊ न देता दर महिन्याला साडेसात हजारच भरत राहिलं, तरी हे कर्ज फिटायला साडेतीन वर्षांहून जास्त लागतात आणि एकूण सव्वातीन लाखांच्या आसपास जातात. आता हेच दीड लाख १४ टक्के दरानं दोन वर्षांच्या वैयक्तिक कर्जात बदलले तर? हप्ता बसतो सुमारे ७,२०० रुपये, आणि एकूण भरणा १ लाख ७३ हजार. खिशातून महिन्याला जवळपास तेवढेच पैसे जातात, फक्त कर्ज दुसऱ्या खात्यावर आहे. त्यामुळं ‘काटकसर करा’ या सल्ल्याचा इथं फारसा उपयोग नाही, आधी कर्जाचा दर बदलायला हवा.

व्याजाला सरकारी लगाम नाही का? होता, निदान कागदावर. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं जुलै २००८ मध्ये वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. बँका सुप्रीम कोर्टात गेल्या. २० डिसेंबर २०२४ ला कोर्टानं तो निकाल रद्द केला. व्याजदर ठरवणं हा आयोगाचा अधिकार नाही, ते क्षेत्र रिझर्व्ह बँकेचं, असा त्याचा अर्थ. रिझर्व्ह बँकेनं कार्डाच्या व्याजाला आकड्यात मर्यादा घातलेली नाही.

म्हणून बिल आलं की पहिली मुदत संपायच्या आत हालचाल करावी. कार्ड देणाऱ्या बँकेकडं ती रक्कम हप्त्यांत बदलून मागता येते. त्याचं व्याज साधारणपणे कमी असतं, पण त्यावरही जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क लागतं, म्हणून हप्त्याचा आकडा नको, एकूण किती भरावं लागेल ते विचारावं. कारखान्यात कामगारांची पतसंस्था असेल तर तिथलं पगारातून कापलं जाणारं कर्ज बहुतेक वेळा याहून स्वस्त पडतं. पीएफमधूनही आजारपणासाठी पैसे काढता येतात आणि ते परत भरायचे नसतात. जून २०२५ मध्ये आपोआप मंजूर होणाऱ्या अशा दाव्यांची मर्यादा ५ लाखांवर नेली गेली. म्हातारपणाची पुंजी मोडणं वाईटच. पण पीएफवर मिळणारं व्याज सव्वाआठ टक्के आणि कार्डाचं बेचाळीस, हेही तितकंच खरं.

राहिलं सोनं. नव्या नियमांप्रमाणे १ एप्रिल २०२६ पासून अडीच लाखांपर्यंतच्या सोनेतारण कर्जात सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. बँकेतलं सोनेतारण कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त असतं. तरी माणसं कार्डच का धरून बसतात? गळ्यातलं गंठण गेलं की घरात कळतं, पाव्हण्यांना कळतं. कार्डाची उधारी बायकोलाही दिसत नाही. ही लाज वर्षाला पन्नास-साठ हजारांना पडते.

एक गोष्ट मात्र करूच नये. मेडिकलवाला रोख मागतो म्हणून क्रेडिट कार्डानं एटीएममधून पैसे काढणं. त्याला व्याजमुक्त मुदत नसतेच, वर वेगळं शुल्क पडतं.

बऱ्याचदा कार्ड काढायची वेळच यायला नको होती, असंही असतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या रेशनकार्डासह राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे, वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण ती ठरावीक उपचारांना आणि योजनेतल्या हॉस्पिटललाच लागू होते. शिवाय ती रोखरहित आहे, म्हणजे आधी बिल भरून नंतर पैसे मागायची सोय त्यात नाही. एकदा कार्ड घासलं की योजना हातातून गेली असं समजा. त्यामुळं डिपॉझिट भरायच्या आधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला गाठावं, नाहीतर १५५३८८ वर फोन करावा. हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं असेल तर १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवणं त्याला बंधनकारक आहे. हे बिल झाल्यावर सांगून उपयोग नसतो, दाखल होतानाच विचारावं लागतं.

खासगी विमा असला तरी डिस्चार्जच्या दिवशी घाई होते. मंजुरी येईना म्हणून नातेवाईक कार्ड पुढं करतात. मे २०२४ च्या नियमांप्रमाणे डिस्चार्जची अंतिम मंजुरी विमा कंपनीनं तीन तासांत द्यायची आहे. तेवढं थांबता येत असेल तर थांबावं. पैसे भरून दावा केलाच, तर विम्याची रक्कम येईल त्या दिवशी थेट कार्डावर टाकावी.

हप्ताही झेपत नसेल तर बँकेला आधीच लेखी कळवावं. देय तारखेनंतर तीन दिवसांपर्यंत बँकेला विलंब शुल्क लावता येत नाही, की खातं थकीत म्हणून कळवताही येत नाही. सेटलमेंटचा प्रस्ताव आला तर तो मोहात पाडणारा असतो, पण सिबिल अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढचं घरकर्ज अवघड होतं. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला मनाई आहे, नातेवाइकांना किंवा साहेबाला फोन करून बदनामी करायलाही. तसं झालं तर कॉलची नोंद ठेवून बँकेकडं लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, त्याला फी नाही. माहितीसाठी क्रमांक १४४४८.

आणि सगळं फिटल्यावर कार्ड बंद करायचा अर्ज दिला, तर बँकेला ते कामकाजाच्या सात दिवसांत बंद करावं लागतं. उशीर केला तर दिवसाला ५०० रुपये बँकेनं ग्राहकाला द्यायचे.